‘फ्लेग्मॅटिक’ म्हणजे नेमका कसा माणूस?

पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीची वार्षिक सभा आठवून पाहा. पार्किंगचा विषय निघाला की दहा मिनिटांत आवाज चढतात, जुनी भांडणं वर येतात, कुणीतरी राजीनाम्याची भाषा करतं. या सगळ्यात मागच्या खुर्चीवर एक माणूस नुसता ऐकत बसलेला असतो. त्याच्याच गाडीचा विषय निघाला तरी तो पट्टी न सोडता चार वाक्यं बोलतो आणि पुन्हा ऐकायला लागतो. सभा संपल्यावर जिन्यात त्याच्याविषयी वेगवेगळी मतं ऐकू येतात. एक म्हणतो, “किती शांत माणूस आहे!” दुसरा म्हणतो, “शांत कसला, ढिम्म आहे. त्याला कशाचं सोयरसुतकच नाही.” तिसऱ्या बाई म्हणतात, “आतल्या गाठीचा असणार.”

माणूस एक, वागणं एक, आणि निकाल तीन. या स्वभावासाठी इंग्रजीत ‘फ्लेग्मॅटिक’ असा शब्द आहे. लवकर न चिडणारा, लवकर न हरखणारा, घाईने न बोलणारा आणि संकटात तोल न सुटणारा माणूस, असा त्याचा साधारण अर्थ. हिंजवडी-खराडीच्या ऑफिसांमध्ये व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरं होतात, तिथे माणसांचे चार प्रकार सांगतात : सँग्विन म्हणजे हसरा-बोलका, कोलेरिक म्हणजे तापट, मेलॅन्कॉलिक म्हणजे खिन्न, आणि फ्लेग्मॅटिक म्हणजे थंड. प्रश्नावली भरायची, गुण मोजायचे आणि आपला खाना शोधायचा. ज्यांच्या वाट्याला हा चौथा खाना येतो त्यांना बहुधा असं ऐकवलं जातं की तुमच्यात उत्साह कमी आहे, तो वाढवा. शांत माणसांवर असा शिक्का बसताना पाहिलं की मला मनापासून वाईट वाटतं. कारण या कल्पनेचा अडीच हजार वर्षांचा प्रवास नीट पाहिला, तर ‘भावना नसलेला माणूस’ हा तिचा गाभा कधीच नव्हता.

शब्द मुळात वैद्यकातला आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या सुमारास ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतल्या वैद्यांनी मांडलं की शरीरात चार द्रव असतात : रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. त्यांचं प्रमाण जमलं की आरोग्य, बिघडलं की रोग. कफाला ते ‘फ्लेग्मा’ म्हणत. तो थंड आणि ओला, त्याचा ऋतू हिवाळा. पुढे दुसऱ्या शतकात पर्गामम गावच्या गॅलन या वैद्याने आणि त्याच्या मागून आलेल्यांनी हा हिशेब स्वभावापर्यंत नेला. ज्याच्या शरीरात कफ जास्त तो संथ, झोपाळू, न चिडणारा. हेच वैद्यक अरबी-फारसीतून भारतात युनानी म्हणून आलं. तिथे कफाला बलगम म्हणतात आणि अशा माणसाचा मिजाज ‘बलगमी’ ठरतो.

एकोणिसाव्या शतकात या चार द्रवांचा पाया ढासळला. १८५८ मध्ये जर्मनीतल्या रुडॉल्फ फिर्शो यांनी रोगाचं मूळ पेशींमध्ये शोधायचं हा विचार ठामपणे पुढे आणला आणि द्रवांवर उभं राहिलेलं वैद्यक मागे पडलं. स्वभावाची नावं मात्र भाषेत राहून गेली. आज कुणाला फ्लेग्मॅटिक म्हटलं तर त्याच्या छातीत कफ आहे असं म्हणणाऱ्याच्याही मनात नसतं.

आपल्याला हे सगळं फारसं परकं वाटत नाही, कारण वात-पित्त-कफ आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. चिडलेल्या माणसाचं पित्त खवळतं, बडबडणाऱ्याला वात झालाय म्हणतात. म्हणून चरकसंहितेत कफप्रकृतीच्या माणसाचं जे वर्णन आहे ते मुळातून पाहण्यासारखं आहे. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात कफाचे गुण एकेक घेऊन त्यातून माणूस कसा घडतो ते सांगितलं आहे. कफ मंद, म्हणून या माणसाचं हिंडणं-फिरणं, खाणं आणि बोलणं मंद. कफ गुरू म्हणजे जड, म्हणून त्याची चाल ठाम, पाय जमिनीवर भक्कम टेकणारी. आणि कफ स्तिमित म्हणजे निश्चल, म्हणून हा माणूस ‘अशीघ्रारम्भक्षोभविकार’.

या लांबलचक समासात मला सगळं सापडतं. आरंभ, क्षोभ आणि विकार या तिन्ही गोष्टी त्याच्या बाबतीत ‘अशीघ्र’ असतात. काम हातात घ्यायला तो वेळ लावतो, प्रक्षोभ व्हायला वेळ लागतो, बिघाडही त्याच्यात लवकर होत नाही. चरकाने ‘क्षोभ होत नाही’ असं कुठेही म्हटलेलं नाही. लवकर होत नाही, एवढंच म्हटलं आहे. वर्णनाच्या शेवटी या माणसाला बलवान, धनवान, विद्यावान, ओजस्वी, शांत आणि दीर्घायुषी अशी विशेषणं लावली आहेत. त्याच संहितेत सूत्रस्थानात ‘प्राकृतस्तु बलं श्लेष्मा’ असंही वचन आहे, म्हणजे कफ आपल्या जागी, आपल्या प्रमाणात असेल तर तोच शरीराचं बळ असतो. शिबिरातल्या चौथ्या खान्यापेक्षा हे किती आदराचं आहे!

तरी कफप्रकृती म्हणजेच फ्लेग्मॅटिक असं सरळ समीकरण मांडू नये. ग्रीकांचे द्रव चार, आपले दोष तीन. काळ्या पित्ताला आयुर्वेदात जोड नाही आणि वाताला ग्रीक यादीत नाही. रक्त आपल्याकडे धातूंमध्ये मोजतात. शिवाय आयुर्वेदाने मनाचा विचार सत्त्व, रज आणि तम यांच्या आधाराने स्वतंत्रपणेही केला आहे, त्यामुळे देहाची प्रकृती कळली म्हणजे मन कळलं असं तिथेही नाही. प्रकृतीची कल्पना आजच्या विज्ञानाच्या कसोटीवर किती उतरते याचा शोध घेणाऱ्यांत पुण्याचेही संशोधक आहेत. २००५ मध्ये पुणे विद्यापीठातले भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी प्रकृती आणि एचएलए नावाच्या जनुकसमूहातले फरक यांचा मेळ बसतो का हे तपासलं आणि काही संबंध असल्याचं मांडलं. तो छोट्या गटावरचा सुरुवातीचा प्रयत्न होता. त्याचा विषय रोगप्रतिकारशक्तीशी जोडलेली जनुकं हा होता. त्यावरून कुणाच्या रागलोभाचं भाकीत करता येत नाही.

द्रव गेले, मग नावाखाली उरलं काय? याचं उत्तर वैद्यांच्या आधी एका तत्त्ववेत्त्याने दिलं. इमॅन्युएल कान्टने १७९८ मध्ये या स्वभावाच्या दोन बाजू वेगळ्या केल्या. एक दुबळी बाजू, म्हणजे कशातच हात न घालण्याकडे ओढा, सरळ आळस. दुसरी बळाची बाजू, म्हणजे हलायला वेळ लागणं पण एकदा हललं की टिकून राहणं. बिडाचा जाड तवा घरात असलेल्यांना हे सांगावं लागणार नाही. पत्र्याचा तवा मिनिटात तापतो आणि गॅस बंद केला की मिनिटात निवतो. बिडाचा तापायला वेळ घेतो, पण मग शेवटची भाकरीही तितक्याच आचेवर भाजली जाते.

पुढे विल्हेल्म वुंट यांनी, ज्यांनी १८७९ मध्ये लाइपझिगला मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा उभारली, चार खान्यांचे दोन प्रश्न केले. भावना किती जोरात येते, आणि ती किती झपाट्याने बदलते? तापट माणसाच्या भावना जोरदारही आणि झटपटही. खिन्न माणसाच्या जोरदार पण सावकाश बदलणाऱ्या. हसऱ्या माणसाच्या हलक्या आणि झटपट. फ्लेग्मॅटिकच्या हलक्या आणि सावकाश. ही मांडणी फार कामाची आहे, कारण तिच्यात चांगलं-वाईट काही नाही, केवळ जोर आणि वेग आहे. रशियात पावलोव्ह यांनी कुत्र्यांवर प्रयोग करताना मज्जासंस्थेचे चार प्रकार सांगितले, त्यातला फ्लेग्मॅटिक हा बलवान, समतोल, पण एका अवस्थेतून दुसरीत जायला वेळ लावणारा. इथेही तो दुबळा ठरलेला नाही, हे लक्षात घ्यावं. लंडनमध्ये हान्स आयझेंक यांनी विसाव्या शतकात दोन आडव्या-उभ्या रेषा आखल्या, एक अंतर्मुख ते बहिर्मुख आणि दुसरी स्थिर ते अस्थिर. अंतर्मुख अधिक स्थिर या चौकटीत फ्लेग्मॅटिक बसला. त्याची विशेषणं : सावध, विचारी, विश्वासू, शांत, स्वतःवर ताबा असलेला, आणि हो, निष्क्रियसुद्धा.

आजचे मानसशास्त्रज्ञ असे खानेच करत नाहीत. उंचीसारखंच स्वभावाचंही असतं, बहुतेक माणसं मधे कुठेतरी असतात. भावनिक स्थैर्य ही एक मोजपट्टी आणि बहिर्मुखता ही दुसरी, दोन्हींवर आपापली जागा. जुळ्यांच्या अभ्यासांवरून माणसामाणसांतल्या अशा फरकांपैकी साधारण ४० ते ५० टक्के वाटा आनुवंशिकतेचा दिसतो. बाकीचं आयुष्य घडवतं. म्हणून ऑफिसातल्या चाचणीचा निकाल गप्पांना विषय म्हणून ठीक आहे, पण बढती द्यायची की नाही हे त्यावरून ठरवू नये.

या विषयातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग तान्ह्या मुलांचा आहे. हार्वर्डमधले जेरोम केगन चार महिन्यांच्या बाळांना नवनवे आवाज ऐकवायचे, रंगीत खेळणी दाखवायचे, नवे वास द्यायचे आणि बघत बसायचे. साधारण २० टक्के बाळं हातपाय झाडायची, पाठ ताणायची, रडायला लागायची. ४० टक्क्यांच्या आसपास बाळं निवांत असायची. बाकीची मधली. हीच मुलं मोठी होत असताना त्यांनी पुन्हा पुन्हा तपासली. ज्यांनी चार महिन्यांचं असताना थयथयाट केला होता, त्यांच्यातली बरीच दुसऱ्या वर्षी अनोळखी माणसापुढे गप्प, आईला चिकटलेली, बुजरी झाली. जी निवांत होती ती बरीच धीट आणि मोकळी निघाली. लहानपणी बुजऱ्या असलेल्या काहींच्या मेंदूची मोठेपणी तपासणी केली, तेव्हा अनोळखी चेहरे दिसताच त्यांच्या अमिग्डालामध्ये, म्हणजे धोक्याची चाहूल घेणाऱ्या भागात, इतरांपेक्षा जास्त हालचाल दिसली. हे २००३ मध्ये प्रसिद्ध झालं.

याचा अर्थ नीट पाहा. वर्गात गप्प बसणारं मूल आतून शांत असेलच असं नाही. त्याच्या छातीत धडधड चालू असू शकते. उलट दिवसभर बडबडणारी, पडली तरी उठून पळणारी एखादी मुलगी खऱ्या अर्थाने शांत स्वभावाची असू शकते. आपण मात्र गप्प बसण्यावरून शांतपणा मोजतो. पालकसभेत “तुमचा मुलगा फार शांत आहे” हे वाक्य शिक्षिका कौतुकाने म्हणतात आणि घरी येईपर्यंत आईवडिलांच्या मनात त्याची काळजी झालेली असते. त्या एका वाक्यात मूल निवांत आहे, घाबरलेलं आहे, की त्याला कंटाळा आलाय, हे काहीच कळत नाही. बाईंना पुढचा प्रश्न विचारावा : नवीन काही सुरू झालं की तो पहिल्या पाच मिनिटांत काय करतो, आणि अर्ध्या तासाने काय करतो?

न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दांपत्याने १९५६ पासून मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्यांच्या नोंदीत ४० टक्के मुलं सहज वळणारी, १० टक्के अवघड, १५ टक्के हळूहळू रुळणारी निघाली, आणि उरलेली कुठल्याच गटात पूर्ण बसली नाहीत. त्यांनी यातून काढलेला निष्कर्ष घरोघर सांगावा असा आहे. कुठलाही स्वभाव आपल्या जागी वाईट नसतो, घराच्या आणि शाळेच्या अपेक्षांशी त्याची गाठ कशी पडते यावर सगळं ठरतं. संथ मूल आणि घाईचं घर अशी जोडी पडली की सकाळी साडेसहाच्या रिक्षाकाकांच्या हॉर्नपासून भांडण सुरू होतं, आणि दोष मुलाला लागतो.

कान्टने सांगितलेली बळाची बाजू पुण्यात कुठे पाहायची असेल तर मी धोंडो केशव कर्व्यांकडे बोट दाखवेन. १८९१ मध्ये गोखल्यांच्या बोलावण्यावरून ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला आले. त्या काळचं पुणं आगीसारखं पेटलेलं होतं. आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढलं होतं आणि त्यांच्या लेखणीची धग अशी की विरोधकांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. आगरकर चाळिशीही न गाठता गेले. कर्वे त्यांचेच सहकारी, सुधारणेची ओढ तीच, स्वभाव मात्र अगदी दुसरा. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. मुरूडच्या गावकऱ्यांनी बहिष्कार घातला. त्यांनी जाहीर वाद घातला नाही, आणि पाऊलही मागे घेतलं नाही. १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावर नेला आणि कॉलेजात शिकवायला तिथून पायी ये-जा केली. चार आणे, आठ आणे अशा वर्गण्या जमवत राहिले. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभं राहिलं. १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळालं. १९६२ मध्ये ते गेले तेव्हा १०४ वर्षांचे होते. चरकाच्या यादीतलं ‘आयुष्मन्त’ इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

कर्वे बुजरे होते, हे त्यांनी स्वतः आत्मवृत्तात लिहून ठेवलं आहे. बुजरेपणा आणि शांत स्वभाव यांतला फरक वर आलाच आहे. त्यामुळे त्यांच्या मनात सभेपुढे उभं राहताना काय चालायचं ते बाहेरून ठरवू नये. पण सुरू केलेलं काम सहा-सात दशकं त्याच गतीने चालवणं, अपमानाने न पेटणं आणि कौतुकाने न फुगणं, याला मी फ्लेग्मॅटिक वृत्तीचं उत्तम रूप समजतो. विधवांच्या हालांनी ज्याला काही वाटलं नसतं, तो माणूस हिंगण्याचा चिखल तुडवत रोज चालला नसता.

न्यायमूर्ती रानड्यांचंही असंच. १९०१ मध्ये ते गेले तेव्हा टिळकांनी केसरीत लिहिलेला मृत्युलेख प्रसिद्ध आहे. पेशवाई बुडाल्यानंतरचा महाराष्ट्र म्हणजे ‘थंड गोळा’ होऊन पडला होता आणि त्याला ऊब देऊन पुन्हा सजीव करण्याची चिंता रानड्यांनी वाहिली, असं त्यांनी म्हटलं. आयुष्यभर मतभेद असलेल्या, स्वभावाने धगधगत्या माणसाने एका सौम्य, सावकाश बोलणाऱ्या माणसाविषयी हे लिहिलं आहे. गोळा थंड होता, ऊब देणारा माणूस शांत होता. थंड आणि शांत या दोन शब्दांमधलं अंतर यापेक्षा चांगलं कुठे दिसेल असं मला वाटत नाही.

आता ज्या गोष्टी शांत स्वभावासारख्या दिसतात पण वेगळ्या आहेत त्यांच्याकडे येऊ. पहिली, कमावलेली शांती. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला स्थितप्रज्ञ ‘दुःखेष्वनुद्विग्नमनाः सुखेषु विगतस्पृहः’ असतो. दुःखात त्याचं मन उद्विग्न होत नाही, सुखाची हाव उरत नाही. ही साधनेची गोष्ट आहे, जन्मजात संथपणाची नाही. जन्माने तापट माणूसही तिथे पोहोचू शकतो. आपल्याकडे एकनाथांना ‘शांतिब्रह्म’ म्हणतात. गोदावरीवरून स्नान करून येताना एक माणूस त्यांच्यावर पुन्हा पुन्हा थुंकला, नाथ प्रत्येक वेळी न चिडता पुन्हा स्नानाला गेले, अशी आख्यायिका घरोघर सांगतात. पण याच नाथांची दुसरी आख्यायिका आहे, तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाहून कावडीतलं गंगेचं पाणी त्याच्या तोंडात ओतल्याची. अपमानाने जे मन हललं नाही ते गाढवाच्या तहानेने हललं. नाथांना थंड म्हणणारा माणूस महाराष्ट्रात सापडायचा नाही.

दुसरी गोष्ट दाबून टाकण्याची, आणि ही आपल्या घरांमध्ये फार आहे. “रडायचं नाही”, “लोकांसमोर तमाशा नको”, “बाईच्या जातीने सोसायचं असतं” अशा वाक्यांतून चेहरा सपाट ठेवायला शिकवलं जातं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी रॉबर्ट लेव्हनसन यांच्याबरोबर १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना किळस येईल अशा शस्त्रक्रियेच्या चित्रफिती दाखवल्या. काहींना सांगितलं होतं की चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच कमी दिसलं. पण किळस तेवढीच वाटली आणि शरीरावरचा ताण उलट वाढला. पुढच्या प्रयोगांत दिसलं की भावना लपवणाऱ्याला त्या वेळचे तपशील कमी आठवतात, आणि त्याच्याशी बोलत बसलेल्या समोरच्या माणसाचाही रक्तदाब वाढतो. जन्मजात शांत माणसाशेजारी बसलं की आपल्याला बरं वाटतं. दाबून बसलेल्या माणसाशेजारी अवघडायला होतं. हा आपल्याला अनेकदा येणारा अनुभव आहे, आणि त्यामागे असं शारीरिक कारणही असू शकतं.

दाबण्याला पर्याय म्हणून ग्रॉस दुसरी वाट दाखवतात : भावना उसळण्याआधीच प्रसंगाकडे वेगळ्या नजरेने पाहणं. सिंहगड रोडच्या कोंडीत कुणी आडवा घुसला, तर ‘मला मुद्दाम त्रास देतोय’ याऐवजी ‘कदाचित दवाखान्यात निघाला असेल’ असा विचार. यात चेहरा आवळावा लागत नाही, राग मुळात कमी येतो. तापट माणसाला शांत व्हायचं असेल तर ही वाट उपयोगी आहे. शांत स्वभावाची माणसं बहुतेकदा न शिकताच असं करत असावीत, असा माझा अंदाज आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे आपल्याला काय वाटतंय हेच न उमगणं. याला अ‍ॅलेक्सिथायमिया म्हणतात. हा शब्द १९७०च्या दशकात पीटर सिफनिऑस या मनोविकारतज्ज्ञांनी रूढ केला. अशा माणसाला पोटात गोळा येतो, डोकं दुखतं, पण ‘मला भीती वाटतेय’ हे त्याला सांगता येत नाही. बाहेरून तो निर्विकार दिसतो. त्याला शांत म्हणून सोडून देणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

मग मराठीत ‘फ्लेग्मॅटिक’साठी काय म्हणावं? संदर्भ पाहून शब्द निवडावा. इंग्रजी लिखाणात कॅप्टनच्या, सर्जनच्या किंवा वैमानिकाच्या बाबतीत हा शब्द आला तर बहुधा कौतुक असतं, तिथे ‘थंड डोक्याचा’ किंवा ‘धीराचा’. कादंबरीतल्या एखाद्या नवऱ्याबद्दल बायकोच्या तोंडी आला तर तक्रार असते, तिथे ‘मख्ख’ किंवा ‘ढिम्म’ चालेल. नुसतं वर्णन असेल तर ‘संथ स्वभावाचा’, ‘सहसा न चिडणारा’. कॉलेजातली मुलं “तो लोड घेत नाही” म्हणतात, तेही अर्थाच्या बरंच जवळ जातं. ‘घुम्या’ मात्र वापरू नये, त्यात मनात काहीतरी धरून बसल्याचा आरोप आहे. ‘कोडगा’ तर नाहीच, त्यात लाज सोडल्याचा आरोप आहे. ‘उदासीन’ हा शब्द जपून वापरावा. गीतेच्या बाराव्या अध्यायात तो भक्ताच्या गुणांत येतो आणि तिथे त्याचा अर्थ कुठल्याच बाजूला न ओढला जाणारा, तटस्थ असा आहे. आजच्या मराठीत उदासीन म्हटलं की खिन्न किंवा बेपर्वा असंच डोळ्यांसमोर येतं. ‘स्थितप्रज्ञ’ तर आपण फार स्वस्त केला आहे. क्रिकेटच्या कर्णधारापासून सरकारी खिडकीवरच्या माणसापर्यंत सगळ्यांना तो लावून होतो.

एक गोष्ट मात्र कुठल्याही शब्दाने झाकू नये. स्वभाव लहानपणापासून दिसतो आणि हळूहळूच बदलतो. आधी चळवळी, बोलका असलेला माणूस काही महिन्यांत ढिम्म झाला, तर तो स्वभाव नाही. थायरॉइड ग्रंथी मंदावली की माणूस संथ होतो, थंडी जास्त वाजते, वजन वाढतं, बद्धकोष्ठ होतो आणि कशात उत्साह राहत नाही. टीएसएच ही रक्ताची साधी तपासणी कुठल्याही लॅबमध्ये होते. नैराश्यात आवडत्या गोष्टींची गोडी जाते, झोप आणि भूक बिघडते. शांत माणसाचं तसं होत नाही, त्याला त्याचा चहा, त्याचं वर्तमानपत्र, त्याची नातवंडं पहिल्यासारखीच हवी असतात. आणि म्हातारपणी चेहरा हलेनासा झाला, पापण्या कमी मिटायला लागल्या, अक्षर बारीक झालं, चालताना एक हात हलत नसेल, तर पार्किन्सनची शंका घेऊन मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवावं. या आजारात चेहऱ्याचे स्नायू आखडतात. आजोबांना विनोद कळलेला असतो, आनंदही झालेला असतो, हसू तेवढं चेहऱ्यावर उमटत नाही. घरच्यांना हे माहीत असलं की ते चेहऱ्याकडे बघून अंदाज बांधणं सोडतात आणि आजोबांनाच विचारतात.